इतिवृत्त कायम करणे

विषय क्रमांक एक नेहमी हाच:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
मी वाचतो. कुणी ऐकत नाही.
धनसिंग गिरासेंचा मोबाइल पालथा पडूनही थरथरतो,
टेबलावरचे ग्लास त्याच्यासोबत जरा जरा सरकतात,
आणि हात वर होतात, काही कोपरापर्यंतच.
सर्वानुमते.

दोन. ब्लिचिंग पावडर. दरपत्रके तीन, कमी दराचे मान्य.
तीन. आठवडे बाजाराची वसुली. ठेका कुणी घेईना.
जुन्यालाच मुदतवाढ.
चार. निरुपयोगी वस्तूंचे निर्लेखन:
लोखंडी खुर्च्या अकरा,
भोंगा एक, नादुरुस्त,
टाइपरायटर एक.
त्याचा ळ उमटत नसे.
जुन्या ठरावांतल्या प्रत्येक नळाला
कुणीतरी शाईपेनानं ळ बसवून दिलेला आहे.
असं काही निर्लेखनात लिहायची सोय नाही.
मी लिहिलं: एक नग.

मग लाइट गेली.
शिपायानं खिडक्या उघडल्या
आणि पथारीवरच्या मिरचीचा वारा सभागृहात आला.
सत्ताधारी, विरोधक, स्वीकृत सदस्य,
मुख्याधिकारी साहेब, जे लातूरचे,
सगळे एकदम शिंकले.
दोंडाईच्यात एवढं एकमत
मी दुसऱ्या कुठल्या ठरावावर पाहिलेलं नाही.
शिंका इतिवृत्तात घेत नाहीत.

तेव्हा त्या अर्ध्या उजेडात हसीनाबी पिंजारी उठल्या.
तोंडाला पदर, डोळे लाल,
विषयपत्रिकेवर नसलेला विषय.
‘हाई तिसरी येळ सांगी ऱ्हायनी मी,
मन्ही गल्लीमा खांब शे, दिवा शे, उजेड नही.’
आणि बसल्या.
कुणी हसलं. कुणी ‘नोंद घ्या’ म्हणालं.

नोंद घेणारा मी.
आधीच्या दोन्ही वेळांना मी लिहिलं होतं:
सन्माननीय सदस्यांनी पथदिव्यांबाबत चर्चेत भाग घेतला.
चौदा वर्षं हेच करतोय.
लोक घरच्या बोलीत ओरडतात,
मी त्याला इस्त्री करतो.
‘पानी कवय ई?’ याचं होतं पाणीपुरवठ्यातील अनियमितता,
आणि गटारीत पडलेल्या म्हाताऱ्याची
सदर इसम होते.

अकरा. रोजंदारी कर्मचाऱ्यांना कायम करणे.
यादी सोबत जोडली आहे.
तिसरं नाव भटू झिपरू वाडिले.
त्यापुढे ‘सभा लिपिक (तात्पुरता)’ असं आहे
आणि ते अक्षरही माझंच.
चहा आला होता. बशा वाजत होत्या.
अध्यक्ष म्हणाले, हे पुढच्या सभेत बघू.
मी मान खाली घालून, समास सोडून, स्वच्छ लिहिलं:
सदर विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात यावा.

रात्री घरी पक्कं लिहायला बसलो.
आमच्या भागाला पाणी एक वाजता येतं,
तोवर जागायचंच असतं.
बायको मोटारीजवळ पाइप धरून पेंगत होती.
सन्माननीय सदस्यांनी, इथवर आलो
आणि पेन थांबला.
नळ आधी हवा सोडतो,
मग खोकतो, मग पाणी.
मी ‘चर्चेत भाग घेतला’ खोडलं
आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं,
शे सकट, नही सकट,
अवतरणचिन्हंसुद्धा दिली नाहीत.
मुख्याधिकाऱ्यांनी सही केली.
पानं चोवीस, सह्या चोवीस, वाचली किती कुणास ठाऊक.

या महिन्यात पुन्हा विषय क्रमांक एक.
मी वाचत गेलो, त्या ओळीवर आवाज चढवला नाही, पाडला नाही.
मोबाइल थरथरला. ग्लास सरकला.
हसीनाबी पिशवीत चष्मा शोधत होत्या,
त्यांनीही ऐकलं नसावं,
हात मात्र वर केला, चष्म्याच्या डबीसकट.
कायम.

मी घसा खाकरला. मिरची अजून संपलेली नाही.
दोन, म्हणालो. ब्लिचिंग पावडर.